न पाहिलेल्या माणसांचे मोर्तब

मोडी कागद हाती आला की जाणता वाचक आधी मजकुराकडे वळत नाही. माथ्यावर शिक्का आहे का, शेवटी मोर्तब आहे का, कागदाला जोड असेल तर जोडावर खूण उमटवली आहे का, हे तो पाहतो. मग अक्षराचे वळण, मायना, कालगणना. मजकूर त्यानंतर. मोर्तबाचे कारण अगदी व्यवहाराचे होते. पत्र इथे संपले, यापुढे कोणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे, एवढेच ते सांगे. पत्र लिहिणारा साताऱ्यात, वाचणारा ग्वाल्हेरीस. दोघांची आयुष्यात भेट होईलच असे नाही. तरी त्या कागदाच्या भरवशावर फौजा हलत आणि वतने चालत. न पाहिलेल्या माणसाच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न राज्यकारभाराइतकाच जुना आहे.

त्याच प्रश्नाचा एक अलीकडचा अध्याय या लेखात मांडायचा आहे. त्यातली माणसे मुक्त सॉफ्टवेअर घडवणारी आहेत. ती चाळीसपन्नास देशांत विखुरलेली आहेत, त्यांना कचेरी नाही, बहुतेकांना या कामाचा पगार नाही, आणि अनेकांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही. त्यांची दिनचर्या कशी असते, ती प्रवास का करतात आणि त्यांच्या विश्वासाला कुठे तडे गेले, हे डेबियन या एका प्रकल्पाच्या आधारे पाहू.

मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. अक्षरजुळणीचा छोटा व्यवसाय आणि उरलेल्या वेळात मोडी दप्तरांचे वाचन, असा माझा सुमारे तीस वर्षांचा क्रम आहे. या विषयाकडे मी वळलो तो धंद्यातल्या एका नुकसानीमुळे. १९९०च्या दशकात मराठी जुळणीसाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरबरोबर एक डोंगल येत असे. संगणकाच्या पाठीमागे ती खोचल्याशिवाय कार्यक्रम चालूच होत नसे. पुढे विकणाऱ्याने ते उत्पादन बंद केले, डोंगल निकामी झाली, आणि माझ्याकडे जुळवलेली शेकडो पाने मुकी झाली. त्यांत दोन दिवंगत लेखकांची पुस्तके होती. त्या फायलींत खरे तर मराठी मजकूर नव्हताच. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली मराठी अक्षरांची चित्रे होती, आणि कोणत्या क्रमांकावर कोणते चित्र हे त्या एका फॉन्टलाच ठाऊक होते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या छापखान्यात विचारा, ही कहाणी निघेल. आपल्याच अक्षरांची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असणे म्हणजे काय, हे मला तेव्हा कळले.

फुकट आणि मुक्त

इंग्रजीत एकाच शब्दाने दोन अर्थ होतात, म्हणून तिकडे या चळवळीला प्रत्येक सभेत खुलासा करावा लागतो. मराठीत ती अडचण नाही. फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे, हे आपल्याला कोणी समजावून द्यावे लागत नाही.

अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली. प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीकडून मिळालेला एक लेझर प्रिंटर वारंवार अडकत असे. त्याची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, मिळाला असता तर स्टॉलमन यांना तो सुधारता आला असता. ज्याच्याकडे तो होता त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. हा किस्सा स्टॉलमन यांनी पुढे जगभर सांगितला. त्यातून त्यांनी जे सूत्र बांधले ते असे : सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरता यावे, ते कसे चालते हे वाचून बदलता यावे, त्याच्या प्रती वाटता याव्यात आणि सुधारलेल्या प्रतीही वाटता याव्यात. पैसे घेऊ नयेत असे त्यात कुठेही नाही. सुरुवातीला स्टॉलमन स्वतः इमॅक्स या संपादकाच्या टेपा १५० डॉलरला विकत आणि त्यावर गुजराण करीत.

१९९१च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉर्व्हल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक कार्यकारी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तिचा गाभा म्हणजे लिनक्स. गाभा आणि ग्नूची साधने एकत्र आली तरी ती सामान्य माणसाने बसवायची कशी, हा प्रश्न राहिला. तयार संच मिळत, पण ते चुकांनी भरलेले असत. १६ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक या वीस वर्षांच्या तरुणाने नव्या संचाची घोषणा केली. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, या दोन नावांची संधी करून त्याने नाव ठेवले डेबियन. हा संच एखाद्या कंपनीप्रमाणे बंद दाराआड न घडवता उघड्यावर, कोणालाही हातभार लावता येईल असा घडवायचा, अशी त्याची कल्पना होती. १९९४ च्या नोव्हेंबरपासून वर्षभर स्टॉलमन यांच्या संस्थेने या कामाला पैसा पुरवला. त्यानंतर प्रकल्प स्वतःच्या पायावर उभा राहिला.

१९९६ मध्ये सूत्रे ब्रूस पेरेन्स यांच्याकडे गेली. ते पिक्सार या चित्रपट कंपनीत नोकरीला होते, म्हणून डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी'मधल्या पात्रांची नावे पडली. बझ, रेक्स, बो, हॅम, पोटॅटो, वुडी अशी ही वंशावळ आजवर चालू आहे. ज्या कच्च्या आवृत्तीत रोज मोडतोड चालते तिचे नाव कायमचे सिड. चित्रपटात खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा तोच. १९९७ च्या जुलैत प्रकल्पाने 'सामाजिक करार' मंजूर केला. डेबियन मुक्तच राहील आणि आम्ही आमच्या अडचणी लपवणार नाही, ही त्यातली दोन वचने. १९९८ मध्ये राज्यघटना झाली. दरवर्षी मतदानाने प्रकल्पप्रमुख निवडला जातो, आणि त्याच्या हाती हुकूम देण्याची सत्ता फारशी नसते.

संशोधकाच्या दृष्टीने या प्रकल्पाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे दप्तर उघडे आहे. कोणी कधी कोणता बदल केला, कोणाशी भांडण झाले, मत कोणाला किती पडले, सारे तारखेनिशी जपलेले आहे. सापडलेल्या प्रत्येक दोषाला क्रमांक दिला जातो आणि तो क्रमांक आता दहा लाखांपुढे गेला आहे. पेशवे दप्तरावर काम करणाऱ्याने याचा हेवाच करावा.

दिवसाकाठचे काम

डेबियनचा विकसक म्हणजे नवी आज्ञावली शोधून काढणारा कोणी किमयागार, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. त्याचे काम आपल्याकडच्या संहिता-संपादकाच्या जवळचे आहे. इतरांनी लिहिलेले सॉफ्टवेअर तो घेतो, त्याचे पॅकेज बांधतो आणि ते सांभाळतो. २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या बुकवर्म या आवृत्तीत ६४,४१९ पॅकेजे होती. मतदानाचा हक्क असलेले विकसक साधारण हजारभर. त्यांच्याभोवती भाषांतरकार, चाचणी घेणारे आणि उमेदवार यांचे मोठे वर्तुळ.

यांतले बरेच जण दिवसा दुसरी नोकरी करतात. कोणी विद्यापीठात, कोणी एखाद्या कंपनीत संगणकव्यवस्था पाहतो. संध्याकाळी जेवणे उरकल्यावर हा दुसरा संसार उघडतो. मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली आहे. ती उतरवून घ्यायची. प्रत्येक फायलीचा परवाना वाचायचा, कारण एखादी फाईल जरी मुक्त नसेल तरी ते सॉफ्टवेअर मुख्य संग्रहात चालत नाही. मग बांधणी आणि चाचणी. त्यानंतर आपल्या गुप्त किल्लीने त्यावर सही करून ते पाठवायचे. तिथून पुढे यंत्रे तेच पॅकेज निरनिराळ्या प्रकारच्या संगणकांसाठी बांधतात. बुकवर्मला असे नऊ प्रकार होते. आठवीवर ठीक चालले आणि नववीवर अडले, तर रात्र तिथे जाते. सकाळी उठावे तर कुणीतरी दोष नोंदवलेला असतो, आणि त्या नोंदीची भाषा नेहमी गोड असतेच असे नाही.

या कामाचे मोल कोणी पैशात काढले नव्हते असे नाही. स्पेनमधील काही अभ्यासकांनी २००० सालच्या पोटॅटो आवृत्तीतल्या ओळी मोजल्या. त्या साडेपाच कोटींहून जास्त भरल्या. कंपन्यांच्या प्रचलित हिशेबाने एवढे लिहून घ्यायला सुमारे १९० कोटी डॉलर लागले असते, असा त्यांचा अंदाज होता. ही रक्कम कोणी कोणाला दिलेली नाही.

बोर्दो ते कोची

जुलै २००० मध्ये, ५ ते ९ तारखांना, फ्रान्समधील बोर्दो येथे डेबियनची पहिली परिषद भरली. तिला त्यांनी शून्य क्रमांक दिला. संगणकवाले मोजायला शून्यापासून सुरुवात करतात. त्यानंतर टोरांटो, ऑस्लो, ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे, हेलसिंकी, मेक्सिकोतील ओआस्तेपेक, एडिंबरा, अर्जेंटिनातील मार देल प्लाता, बोस्नियातील बान्या लुका, निकाराग्वातील मानाग्वा, केप टाऊन, तैवानमधील शिंचू असे गाव दरवर्षी बदलत गेले. श्रीमंत देशांतच भरवायची नाही, असा कल या यादीतून सहज दिसतो. २००९ साली परिषद स्पेनमधील कासेरेसला झाली. ते गाव एस्त्रेमादुरा या प्रांतातले. या तुलनेने गरीब प्रांताच्या सरकारने २००२ मध्ये डेबियनवर आधारलेली आपली स्वतःची प्रणाली काढून शाळांतून बसवली होती.

परिषदेच्या आधीचा आठवडा कामाचा. लोक एका सभागृहात लांब टेबलांवर आपापले संगणक मांडून बसतात आणि वर्षभर पत्रांतून सुटला नाही तो प्रश्न शेजारी बसून तासाभरात सोडवतात. मग व्याख्याने आणि चर्चा. मध्ये एक दिवस सहलीचा. २००५ पासून एक संध्याकाळ अशी ठरून गेली आहे की प्रत्येकाने आपल्या मुलखातले चीज, वाइन किंवा जो काही जिन्नस असेल तो आणायचा आणि मोठ्या टेबलावर सर्वांसाठी मांडायचा. व्याख्यानांचे चित्रीकरण करणारेही स्वयंसेवकच. ज्याला परवडत नाही त्याला देणग्यांतून प्रवासखर्च, निवास आणि जेवण मिळू शकते. त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि पैसा मोजका असतो.

पैशाइतकाच अडसर पारपत्राचा. २०२२ ची परिषद कोसोव्होतील प्रिझ्रेन येथे होती. भारताने कोसोव्होला मान्यता दिलेली नाही. ज्या देशाला आपले सरकार देशच मानत नाही तिथे जायला निघणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनी करावी. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, परिषद कोचीला आली. भारतातली ती पहिली. मग खेटे घालायची पाळी परदेशी विकसकांवर आली, कारण आपल्याकडे परिषदेसाठी वेगळा व्हिसा लागतो. केरळची निवड ओघानेच झाली म्हणावी लागेल. स्टॉलमन यांच्या संस्थेची भारतीय शाखा जुलै २००१ मध्ये तिरुवनंतपुरमलाच सुरू झाली होती, आणि तिथल्या सरकारी शाळांनी मुक्त प्रणालीचा रस्ता फार आधी धरला होता.

पारपत्र आणि चाळीस अक्षरे

एवढा खटाटोप करून भेटायचे कशाला? सारे काम तर तारेवरून होते. याचे एक उत्तर मैत्री हे आहेच. दुसरे उत्तर मोर्तबाशी जोडलेले आहे.

प्रत्येक विकसकाकडे किल्ल्यांची जोडी असते. एक गुप्त, तिने तो सही करतो. दुसरी उघडी, तिने जगाने ती सही तपासायची. पण ही उघडी किल्ली खरोखर त्याच माणसाची आहे कशावरून? त्यासाठी या लोकांनी कोणतेही सरकारी कार्यालय उभारले नाही. किल्लीचा एक ठसा असतो, चाळीस आकडे-अक्षरांचा. दोन माणसे समोरासमोर येतात, एकमेकांचे पारपत्र पाहतात, चेहरा ताडून घेतात, कागदावरचा ठसा जुळवतात आणि घरी जाऊन एकमेकांच्या किल्लीवर सही करतात. अ ने ब ला पाहिले, ब ने क ला पाहिले, म्हणून अ चा क वर भरवसा. परिषदांत हे काम समोरासमोर दोन रांगा लावून होत असे. डेबियनचा विकसक व्हायचे तर आधीच्या विकसकाने अशी प्रत्यक्ष भेट घेऊन सही दिलेली असणे ही अट. त्यानंतर महिनोन्‌महिने चालणारी प्रश्नोत्तरे आणि कामाची परीक्षा वेगळीच.

म्हणजे हे जाळे विजेच्या तारांचे दिसत असले तरी ते आगगाडी आणि विमानाच्या तिकिटांवर विणले गेले आहे. ज्या गावात एकही विकसक नाही तिथल्या उमेदवाराला सहीसाठी शेकडो मैल जावे लागे.

ही रीत किती पक्की? २००६ साली ओआस्तेपेकच्या रांगेत एका विकसकाने गंमत केली. त्याने पारपत्राऐवजी एका काल्पनिक प्रजासत्ताकाने छापलेले ओळखपत्र दाखवले. बऱ्याच जणांनी ते पाहिले आणि मान डोलावली. नंतर त्याने स्वतःच हे उघड केले तेव्हा मोठा वाद झाला. काहींना तो विश्वासघात वाटला, काहींना आवश्यक परीक्षा. मोडी कागदांत रमणाऱ्याला यात नवल नाही. शिक्का असला की कागद अस्सल, असे मानणारे फसतात. बनावट शिक्के आपल्या दप्तरांतही थोडे नाहीत.

एस्पी

बोर्दोची ती पहिली परिषद ९ जुलै २००० रोजी संपली. दोनच दिवसांनी, ११ जुलैला, अमेरिकेत जोएल क्लेकर हा डेबियनचा विकसक वारला. वय २१. प्रकल्पात त्याला एस्पी म्हणत. जवळपास प्रत्येक आज्ञावली ज्या पायाभूत ग्रंथालयावर उभी असते त्या जीलिबसीचे पॅकेज तो सांभाळत असे. हे पॅकेज बिघडले तर सारा संगणक ठप्प होतो, इतक्या जबाबदारीचे ते काम.

त्याला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू क्षीण करत नेणारा आजार होता. डेबियनचे काम केले त्या काळातला बराचसा वेळ तो अंथरुणाला खिळलेला होता. आणि ज्यांच्याशी तो रोज लिहून बोलत होता त्यांपैकी बहुतेकांना याचा पत्ताच नव्हता. त्याने सांगितले नाही, आणि त्यांना विचारावेसे वाटले असे काही त्याच्या कामात दिसले नाही. ऑगस्टमध्ये पोटॅटो आवृत्ती आली ती त्याच्या स्मृतीला अर्पण केलेली. आता सगळ्यांना कळले आहे की तो काय सोसत होता आणि त्याने आम्हाला काय दिले, असा त्या अर्पणपत्रिकेचा सूर आहे.

हे प्रकरण मी अनेकदा वाचले आणि दरवेळी एका जागी थांबलो. पडद्याआडच्या व्यवहाराने एस्पीला एक मोठी गोष्ट दिली. त्याच्याकडे रुग्ण म्हणून कोणी पाहिले नाही. त्याच्या कामाचे कौतुक झाले ते कामाचे, दयेचे नव्हे. पण त्याच आडपडद्याने त्याच्याभोवतीच्या शेकडो मित्रांना त्याच्या उशाशी येऊ दिले नाही. मिळाले आणि हुकले, दोन्ही एकाच कारणाने.

पाहिलेला माणूस, न पाहिलेला माणूस

यानंतरची दोन प्रकरणे एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत.

पहिले २००६ ते २००८ चे. संदेशव्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरचे पॅकेज सांभाळताना तपासणीच्या एका साधनाने इशारा दिला, म्हणून डेबियनमध्ये त्यातली छोटीशी दुरुस्ती झाली. हेतू चांगला. ती करण्यापूर्वी मूळ लेखकांकडे विचारणाही झाली होती. पण त्या ओळींबरोबर किल्ल्यांतली यादृच्छिकताच निघून गेली. कोट्यवधी कोटी शक्यतांतून निघायची ती किल्ली एकेका प्रकारात अवघ्या ३२,७६७ शक्यतांतून निघू लागली. कोणीही चोर त्या सगळ्या करून ठेवू शकत होता. दीड वर्षाहून अधिक काळ हे कोणाच्या ध्यानात आले नाही. अर्जेंटिनातील विकसक लुचानो बेल्लो यांनी ते शोधले आणि मे २००८ मध्ये प्रकल्पाने स्वतःहून जाहीर केले. जगभर किल्ल्या बदलाव्या लागल्या. इथे कुणीही तोतया नव्हता. ओळखीच्या माणसाच्या हातून, ओळखीच्या माणसांच्या देखत हे घडले.

दुसरे २०२४ चे. फायली आवळून लहान करणारे एक्सझेड नावाचे सॉफ्टवेअर आहे. डेबियनची पॅकेजेसुद्धा त्यानेच आवळली जातात. ते फिनलंडमधील लास्से कॉलिन हा एक माणूस वर्षानुवर्षे विनावेतन सांभाळत होता. २०२१ मध्ये जिया टॅन या नावाने एक साहाय्यक आला. चांगले काम करू लागला. २०२२ मध्ये आणखी काही नावे उगवली. एक तर भारतीय वळणाचे, जिगर कुमार. ही नावे कॉलिन यांना टोचू लागली, की काम फार मंद आहे, दुसऱ्या कोणाकडे द्या. कॉलिन यांनी उत्तर दिले की आपली मनःप्रकृती दीर्घकाळ बरी नाही, आणि हे बिनपगारी छंदाचे काम आहे. हळूहळू जिया टॅन यांच्या हाती अधिकार गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या नावाने काढलेल्या आवृत्तीत एक चोरदरवाजा होता, चाचणीच्या फायलींत दडवलेला. तो जगभर पसरता, तर असंख्य सर्व्हरांत कोणाला तरी गुपचूप शिरता आले असते.

तो सापडला योगायोगाने आणि चिकाटीने. आंद्रेस फ्रॉइंड हे डेटाबेस क्षेत्रातले अभियंते डेबियनच्या सिड या कच्च्या आवृत्तीवर मोजमापे घेत होते. दूरच्या यंत्रात प्रवेश करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढेच त्यांना दिसले. दुसऱ्याने खांदे उडवले असते. त्यांनी माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सांगितले. डेबियनच्या पक्क्या आवृत्तीत ते विष अजून पोचले नव्हते. जिया टॅन हे नाव त्यानंतर गप्प झाले. त्या नावामागे कोण होते, एक की अनेक, हे उघड झालेले नाही. त्याला कोणीही कधी भेटलेले नव्हते.

आता तुलना करा. एस्पीला बहुतेकांनी पाहिले नव्हते आणि तो शब्दशः शेवटच्या ताकदीपर्यंत प्रामाणिक होता. जिया टॅनलाही कोणी पाहिले नव्हते. २००८ चा दोष मात्र पाहिलेल्या माणसांच्या हातून झाला. तेव्हा चेहरा पाहणे हा विश्वासाचा पुरावा म्हणून अपुरा आहे. डेबियननेही हे ओळखले असावे. करोनाकाळात २०२० ची हैफा येथे ठरलेली परिषद पडद्यावरच घ्यावी लागली, रांगा बंद पडल्या. तेव्हा किल्ल्यांची नोंद ठेवणाऱ्यांनी पर्याय काढला, की ज्याच्याबरोबर दीर्घकाळ काम केले आहे अशा विकसकांची लेखी ग्वाहीही विचारात घ्यावी. जिया टॅननेही दीर्घकाळ काम केले होते, हे कोणी म्हणेल. ते खरे आहे. म्हणूनच या सगळ्यातला निर्णायक भाग मला निराळा वाटतो. दोन्ही वेळा दोष सापडला, कारण माल उघड्यावर होता आणि पाहणाऱ्याला पाहण्याचा हक्क होता. चोराने विष दडवायलाही अशी जागा निवडली की जी वाचायला सर्वांत कंटाळवाणी असते.

आणि एक्सझेडचा दरवाजा प्रथम उघडला तो कोणत्या फटीतून? एक माणूस एकटा होता आणि दमलेला होता. त्याच्या हाताखालून साऱ्या जगाचा माल जात होता, पण त्याची विचारपूस करायला जे प्रथम पुढे आले ते चोर होते.

आपल्या अक्षरांपुरते

१४ फेब्रुवारी २००९ रोजी डेबियनची लेनी ही आवृत्ती आली. तिच्या स्थापनेच्या पायऱ्या ज्या पाच भाषांत नव्याने वाचता येऊ लागल्या त्यांत अम्हारिक, आयरिश, नॉर्दर्न सामी आणि सर्बियन यांच्याबरोबर मराठी होती. संगणक रिकामा असताना पडद्यावर जे पहिले शब्द उमटतात ते मराठीत यावेत, यासाठी कोणीतरी शेकडो वाक्ये बसून भाषांतरित केली. त्यांची नावे दप्तरात आहेत. बहुतेक मराठी वाचकांनी ती ऐकलेली नाहीत.

हे काम केवळ सोयीचे नाही. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन शब्द घ्या. एकात गुरू आहे आणि दुसऱ्यात स्वयंपाकी. फरक फक्त र कसा जोडला याचा. हा अर्धा ऱ मराठीत पावलोपावली लागतो आणि हिंदीला त्याची गरज पडत नाही. देशभरचा बाजार डोळ्यांपुढे ठेवणाऱ्या विक्रेत्याला तो चुकला तरी फरक पडत नाही. पण संहिता उघडी असेल तर तो सुधारण्याचा हक्क चिपळूणच्या शिक्षकाला आणि जालन्याच्या विद्यार्थ्यालाही असतो. रेड हॅट कंपनीने मुक्त केलेले लोहित फॉन्ट आज कोणीही उघडून तपासू शकतो. माझी मुकी झालेली पाने अखेर वाचती झाली ती अशाच मुक्त साधनांवर, एकेका क्रमांकासमोर एकेक अक्षर मांडून. त्याला दोन पावसाळे लागले.

इयन मर्डॉक २८ डिसेंबर २०१५ रोजी वारला, अवघ्या ४२ व्या वर्षी. दीड वर्षाने आलेली स्ट्रेच ही आवृत्ती त्याला अर्पण केली गेली. त्याने सुरू केलेला संसार मात्र चालू आहे. आज रात्रीही कुठल्या तरी गावात जेवणे आटोपल्यावर कोणी दिवा लावून बसला असेल, आपल्याला माहीत नसलेल्या पॅकेजची सही करत. आपल्या बँका, दवाखाने, रेल्वेची तिकिटे अशा माणसांच्या हातून जातात. त्यांना पगार देणे आपल्या हाती नाही. पण त्यांनी लिहिलेले वाचणे, चूक दिसली तर सभ्य शब्दांत कळवणे, मराठीची दहा वाक्ये तपासून देणे, आणि कोणी थकलो म्हणाला तर त्याला काम मागण्याआधी प्रकृती विचारणे, एवढे कोणत्याही वाचकाला जमण्याजोगे आहे. एस्पीला ते कोणी विचारले नाही. कॉलिन यांना विचारणाऱ्यांत चोर होते. तिसऱ्या वेळी विचारणारा आपल्यांतला असावा.